छपराला टांगलेले मोर

आपल्याकडे मोर कुठं नाही हो? समईच्या टोकावर मोर, पाटावर मोर, पैठणीच्या पदरावर मोर, दाराच्या चौकटीवर मोर. मी स्वतः वाईच्या घाटावर आणि घरच्या अंगणात मिळून इतके मोर रांगोळीनं काढलेत की मोरांनीच मला एकदा वाण द्यायला हवं. पण खरा, हाडामांसाचा, नाचणारा मोर? छे! एका संस्थानिकाच्या बागेत पिंजऱ्यातला पाहिला होता, तो बिचारा तापातून उठल्यासारखा अंग चोरून बसला होता. त्याला पाहून मी नवऱ्याला म्हटलं, "हा नव्हे. मला नाचणारा पाहायचाय." तेव्हापासून आमच्या घरात तो एक चेष्टेचा विषय होऊन बसला.

आणि अचानक योग आला. माझ्या धाकट्या बहिणीच्या, इंदूच्या यजमानांना चांदा जिल्ह्यातल्या आरमोरीच्या शाळेत नोकरी लागली. इंदूनं कळवलं, "आक्का, इथं मोर ओरडल्याशिवाय उजाडत नाही." मी लगेच ट्रंक काढली. आमचे हे म्हणाले, "लोक काशीला जातात, तू मोरासाठी चांद्याला निघालीस!" मग स्वतःची काळी छत्री माझ्या हातात देत म्हणाले, "मोर नाही दिसला तरी चालेल. छत्री मात्र परत आण."

वडशाहून पुढं

आगगाडीचं रामायण मी सांगत नाही. नागपूरनंतरची गाडी इतकी लहान की आपणच तिला कडेवर घ्यावं असं वाटतं, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. वडशाला उतरले आणि मोटारीनं आरमोरीकडे निघाले तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, मध्येच तळं, परत खाचरं, परत तळं, आणि त्यांच्या पलीकडे जंगलाची काळीनिळी रेघ. आमच्याकडे झाडं डोंगरावर असतात. इथं सपाट जमिनीवर जंगल उभं आहे, म्हणून ते कुठं संपतं ते कळतच नाही.

हा मुलूख अजून तरी मध्य प्रदेशात, म्हणजे कागदोपत्री आपल्याला परका. पण माणसं मराठी बोलतात. आता ते मराठी आहे हे मला पहिल्या दिवशी कळलं नाही ही गोष्ट वेगळी! मोटारीत शेजारच्या बाईनं मला विचारलं, "तुमी कुठी जाऊन राह्यल्या?" मी म्हटलं, "राहायला नाही, मी आरमोरीला पाहुणी आहे." ती हसली. मीही हसले. मग ती म्हणाली, "मी बी आरमोरीलेच जातो." मी तिच्याकडे पाहतच राहिले. इथं बायकासुद्धा 'मी जातो, मी करतो' म्हणतात. परतताना वडशापर्यंत मीही 'जातो' म्हणायला लागले होते आणि वाईला सासूबाईंसमोर एकदा तोंडून निसटलंच!

तिन्ही त्रिकाळ भात. पहिल्या दिवशी मी इंदूला भाकरी मागितली तर तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली, की जणू मी अमृत मागितलं. पण तो भात! वाफेबरोबर त्याचा वास असा येतो की आमटीची वाट पाहवत नाही.

आठवड्याचा बाजार

बाजारच्या दिवशी इंदूनं मला सगुणाबाईकडे नेलं. सगुणाबाई म्हणजे ढिवर मंडळींपैकी. तळ्यात मासळी आणि जंगलात कोसा, हा त्यांचा धंदा. कोसा म्हणजे आपण ज्याचं रेशीम नेसतो तो जाडा, टसरी किडा. येनाच्या झाडावर तो पाळतात. येन म्हणजे आपला ऐन. सगुणाबाई त्या दिवशी टोपलीत सात्या घेऊन बसली होती. सात्या म्हणजे पावसाळी अळंबी. वय पन्नाशीपुढचं, अंग काटक, कपाळावर ठसठशीत गोंदण. इंदूनं माझी ओळख करून दिली आणि मी, माझा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे, थेट मुद्द्यालाच हात घातला.

"सगुणाबाई, मला मोर पाहायचे आहेत!"

आवाज माझा मूळचाच मोठा. आजूबाजूच्या दोन-तीन बायकांनी दचकून पाहिलं. सगुणाबाई मात्र खूश झाली.

"मोर? मोर त माह्या घरीच आहेत बाई. निंघूनच राह्यले."

"घरी? पाळलेले?"

"हो जी. छपराले टांगून ठेवले."

छपराला टांगलेले मोर! मेलं, ही माणसं मोर मारून खातात की काय? मी इंदूकडे पाहिलं. इंदूला आरमोरीला येऊन वर्षही झालं नव्हतं, तिलाही काही उमगेना.

"जिवंत आहेत ना?" मी हळूच विचारलं.

"अरे बाप्पा! जित्ते नाई त का? उद्या सांजच्याले या. सांजचेच निंघतात ते."

रात्रभर मी मनात चित्र काढत होते: छपराला टांगलेले मोर, उलटे, आणि तिन्हीसांजेला कुणीतरी दोऱ्या सोडतंय. इंदू म्हणाली, "आक्का, काहीतरी घोटाळा आहे." मी म्हटलं, "घोटाळा असो, मी जाणार."

येनाच्या सावलीत

सगुणाबाईचं घर गावाबाहेर, जंगलाच्या तोंडाशी. कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेलं स्वच्छ अंगण, आणि त्यापुढं ओळीनं उभी येनाची झाडं, सुसरीच्या पाठीसारख्या सालीची. तिचे यजमान डोमाभाऊ दारात कामट्या तासत बसले होते. उंच, शांत माणूस.

आत नेऊन सगुणाबाईनं वर बोट दाखवलं. छपराच्या बांबूला माळांसारखे कोसे, म्हणजे त्या किड्यांचे कोश, टांगले होते, लहान अंड्याएवढे, करड्या-पिवळ्या रंगाचे, टणक. आणि त्यातल्या एकाच्या तोंडाशी ओलं काहीतरी हलत होतं.

"थांबा. पाहा आता," ती कुजबुजली.

आधी दोन केसाळ पाय आले. मग डोकं. मग चुरगळलेल्या ओल्या फडक्यासारखं अंग. तो जीव कोशाला लटकून राहिला आणि त्याचे पंख हळूहळू, आपण घडीची साडी उलगडतो तसे, उलगडत गेले. वीतभर रुंद झाले! हळदीचा रंग, कडेला गुलाबी रेघ, आणि चारही पंखांवर एकेक डोळा. डोळ्याच्या मध्यभागी काचेसारखी पारदर्शक टिकली. मी दिवा मागं धरला तर त्या टिकलीतून ज्योत दिसली. अगं बाई, देवाला एवढं बारीक काम करायला वेळ कुठून मिळतो?

"हा आमचा मोर," सगुणाबाई म्हणाली. "डोळे पाहा न त्याचे."

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. पण हसू आलं नाही, खरंच नाही. समोर जे होतं ते पिंजऱ्यातल्या त्या मोरापेक्षा शंभर पटींनी देखणं होतं. "याला तोंडच नसते बाई," ती सांगू लागली. "काई खात नाई, काई पेत नाई. जोडी जमवते, अंडे देते, मरून जाते." मी त्या पाखराकडे बघत राहिले. एवढा शृंगार आणि एवढंसं आयुष्य!

मग तिनं मला जेवायला बसवलं. भात आणि सात्यांची भाजी. भाजी अशी की बोटं चाटावीत. ढिवराच्या घरी मी जेवले हे वाईत कुणाला सांगू नका; आता छापूनच आलं म्हटल्यावर सांगायला उरलंय काय म्हणा! मी मासळीच्या भीतीनं आधी पानाकडे संशयानं पाहिलं, तर सगुणाबाई म्हणाली, "घाबरू नोका. घरात मोर आहेत तवरी मासळी शिजत नाई. डोक्याले तेल बी नाई." मी थक्क झाले. सोवळं काय ते आम्हालाच येतं अशी माझी समजूत होती.

पण जेवताना तिचं लक्ष पानात नव्हतं. विचारल्यावर तिनं सांगितलं. पावसाच्या सुरुवातीला वादळ झालं, त्या संध्याकाळी कुडाचं दार वाऱ्यानं उघडलं आणि आधी निघालेले सगळे नर उडून गेले. आता ज्या निघत होत्या त्या सगळ्या माद्याच.

"साऱ्या पोरीच पोरी," ती म्हणाली. "नवरदेव एक नाई. नर नाई त अंडे फोल. अंडे फोल त पुढच्या सालचं बी गेलं."

"दुसरीकडून बी आणता येईल की," मी शहाणपणानं म्हटलं.

तिनं हातातला घास खाली ठेवला. "बाजारात भेटते जी. पण हे माह्या मायच्या घरचं बी होय. लग्नात मायनं ओटीत कोसे टाकले होते माह्या. माय गेली. घर बी तळ्यात गेलं, धरणाचा बांध वाढवला तेव्हा. तिकडचं हेच राह्यलं माह्यापाशी. दरसाल याचंच बी धरतो मी." तिनं डोळ्यांना पदर लावला नाही. माझ्याकडे आईच्या ओटीतली एक नथ आहे, ती मी पेटीत ठेवते. हिला तिची ओटी दरवर्षी परत जिवंत करावी लागते.

उपाय एकच होता. उद्या संध्याकाळी साऱ्या माद्या जंगलाच्या कडेला झाडावर बांधायच्या आणि रानातले नर येतात का त्याची वाट पाहायची. "वास जाते त्यायच्या नाकात, कोसभर," डोमाभाऊ म्हणाले. "आले त आले. पण पहाटे लक्ष ठेवा लागते. पहाटे मामाजी येतात."

इकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात एवढं मला इंदूमुळे ठाऊक झालं होतं. सगुणाबाईचे सासरे अजून आहेत म्हणजे चांगले पिकलेले असणार. मी विचारलं, "या वयात पहाटे जंगलात येतात?"

"वय कायचं जी! चांगले तरणे आहेत. तुरा लावून हिंडतात."

तुरा! सुनेच्या घरी काळजी, आणि सासरे फेट्याला तुरा लावून हिंडतात! माझा राग मी लपवला नाही. "मग त्यांना सांगावं की जरा मदत करा म्हणून."

"मदत?" डोमाभाऊंनी कामटी खाली ठेवली. "ते त सारे खाऊन टाकतात!"

मी घास तसाच धरून बसले. तेव्हा सगुणाबाईनं मला जवळ ओढलं आणि कानाशी तोंड आणून सांगितलं, "तो पक्षी जी. निळा. नाचते तो. पाखरू दिसलं का गटकन गिळते. घरात कोसे टांगले का अंडे होईवर त्याचं नाव घेत नाई आमी. नाव घेतलं त येते. सासऱ्याचं नाव सुनेनं घ्या लागते का? म्हणून मामाजी. आन् नाव याले देल्लं, डोळेवाल्याले."

म्हणजे बाजारात मी भर गर्दीत सासऱ्याला नावानं हाका मारत होते! त्या बायका का दचकल्या ते आत्ता कळलं. आणि आणखी एक गोष्ट कळली, ती मी गिळून टाकली. ज्याच्यासाठी मी चांद्यापर्यंत आले, तोच या बाईचा वैरी.

नाल्याकाठची पहाट

दुसऱ्या संध्याकाळी माद्या झाडावर गेल्या. डोमाभाऊंनी कामट्यांची चौकोनी जाळी केली होती. तिच्यावर एकेक मादी पंखाच्या मुळाशी सुतानं बांधून सगुणाबाईनं ती नाल्याकाठच्या येनाच्या खालच्या फांदीला अडकवली. लग्नाच्या मांडवात पोर उभी करावी तशी प्रत्येकीवरून हात फिरवून. "उद्या पहाटे या," ती म्हणाली. "तुमचा पाय चांगला असंल."

मी आणि इंदू झुंजुमुंजू व्हायच्या सुमाराला पोचलो. यांची छत्री काखेत होतीच, कारण आभाळ भरलेलं होतं. डोमाभाऊ रात्रभर जागून नुकतेच नाल्यावर तोंड धुवायला उतरले होते. सगुणाबाई जवळच्या पानांच्या खोपीत चूल पेटवत होती. इंदू तिच्याशी बोलायला आत वाकली. मी बाहेर एका ओंडक्यावर बसले. जाळीकडे अजून कुणी पाहिलं नव्हतं. उजाडल्यावरच पाहायचं, असा तिचा नेम.

आणि झाडांमधून तो आला.

आधी मान दिसली. तो निळा रंग कुठल्याच रांगोळीत नाही हो, कुठल्याच पैठणीत नाही! दोन पावलं टाकली, थांबला, आणि पिसारा वर गेला. सळ्ळ असा आवाज आला, आंब्याच्या पानांचं तोरण वाऱ्यानं हलावं तसा. शेकडो डोळे एकदम उघडले. तो थरथरत सावकाश फिरला, तेव्हा मागची बाजूही दिसली, अगदी साधी, मळकट, पडद्यामागल्या नटासारखी. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. सगळा जन्म जे काढत होते ते समोर उभं होतं, आणि माझ्या सगळ्या मोरांचे पाय चुकलेले होते!

तो ज्या बाईसाहेबांकरता नाचत होता त्या लांडोरीचं त्याच्याकडे मुळीच लक्ष नव्हतं. ती आपली टिपत टिपत पुढं येत होती. येता येता येनाखाली आली. मान वर केली. आणि जाळीवर तिला नाश्ता दिसला.

आता माझी लबाडी सांगते. मी उठले नाही. उठले तर नाच मोडणार. दुसरं कुणीतरी येऊन लांडोरीला अलगद हुसकावेल आणि मला आणखी पाहता येईल, असा हिशेब करून मी खोपीकडे तोंड वळवलं आणि हळूच हाक दिली, "सगुणाबाई, अहो, मोर आला! मोर आला!"

आतून तिचा आनंदानं भरलेला आवाज आला, "आला का जी? बसू द्या, बसू द्या! हात नोका लावू!"

हाय रे देवा! माझाच शब्द माझ्या गळ्यात आला. तिच्या घरात मोर म्हणजे नवरदेव. ती आत बसून हात जोडत असणार. आणि इकडे लांडोरीनं चोच मारली. पिवळा पंख एक खाली गळला, त्यावरचा डोळा वर पाहत.

मग मात्र मी काही विचार केला नाही. "मामाजी!" अशी किंकाळी फोडली की नाल्यावर डोमाभाऊंच्या हातचा लोटा पडला असं नंतर कळलं. "मामाजी आले! मामाजी!" पदर खोचला, यांची छत्री धाडकन उघडली आणि पुढं धरून धावत सुटले. समोर त्याचा पिसारा, इकडे माझी छत्री! क्षणभर तो माझ्याकडे पाहत राहिला, ही कोण नाचायला आली म्हणून. मग त्यानं सगळे डोळे मिटले. एवढा मोठा पिसारा घडी करून मागं ओढत, कर्कश ओरडत, नाल्यापलीकडे उडाला. लांडोर त्याच्याआधीच गेली होती. चिखलात घसरून मी मात्र तिथंच बसले आणि छत्रीची एक काडी मोडली.

सगुणाबाई धावत आली ती थेट जाळीकडे. मला काही तिच्याकडे पाहवेना. ती एकेका कामटीजवळ वाकून पाहत गेली. मग म्हणाली, "या जी. पाहा."

एक जागा रिकामी होती. सूत लोंबत होतं. आणि बाकी प्रत्येक पिवळ्या मादीच्या मागं एकेक तांबूस, विटकरी रंगाचा नर पंख पसरून बसला होता. रानातून आलेले. एकही पोर बिनलग्नाची राहिली नव्हती.

"आले व माय," ती पुटपुटली. ते मला नव्हतं, तिच्या मायलाच होतं. आणि मग तिनं डोळ्यांना पदर लावला.

चहा पिताना इंदूनं घोटाळा केला. तिनं सांगून टाकलं की आक्का इतक्या लांबून फक्त तो पक्षी नाचताना पाहायला आली होती. सगुणाबाईची कपबशी हातातच राहिली.

"तो नाचून राह्यला होता? मंग काऊन हाकललं बाई तुमी?"

"तुमच्या मायचं बी जात होतं ना," मी म्हटलं.

ती उठली. माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून तिनं स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. ती बोटं मोडल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. माझ्या आईनंतर कुणी माझी अशी दृष्ट काढली नव्हती.

वाई

घरी आल्यावर यांनी आधी छत्री पाहिली, मग मला.

"काडी मोडली?"

"मोडली."

"मोर दिसला?"

"दिसला. नाचत होता."

"मग?"

"मग काय! हाकलून दिला."

ते अजून हसताहेत. शेजारच्या बायकांना तर पटतच नाही.

यंदा गौरीपुढं रांगोळी काढायला बसले तेव्हा हात आपोआप वळला. चार पंख काढले, हळदीनं भरले, कडेला गुलाल ओढला, आणि प्रत्येक पंखावर एकेक डोळा ठेवला. तोंड काढलं नाही. हळदीकुंकवाला आलेल्या बायका वाकून पाहू लागल्या. एकीनं विचारलं, "हे गं काय?"

"मोर," मी म्हटलं.

"अगंबाई, असा कुठं मोर असतो? मोर कसा—"

मी पटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. "हळू! याच्यासमोर त्या दुसऱ्याचं नाव घेऊ नका. मामाजी म्हणा."